हे गाणं दुष्काळाएवढं जुनं नाही

14 जून 2012. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या मैदानावर युरो स्पर्धेत स्पेननं आयर्लंडला पार धुऊन काढलं होतं. गोलफलकावर 4-0. आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती आणि मी टीव्ही बंद करायच्या बेतात होतो. तेवढ्यात हिरव्या शर्टांच्या गर्दीतून एक संथ सूर उठला. शेवटची काही मिनिटं हजारो माणसं एकच गाणं गात राहिली, शिट्टी वाजल्यावरही थांबली नाहीत. जर्मन वाहिनीचे समालोचक टॉम बार्टेल्स बोलायचे थांबले. त्यांनी प्रेक्षकांना नुसतं ते गाणं ऐकू दिलं.

गाण्याचं नाव 'द फील्ड्स ऑफ ॲथनराय'. त्या रात्रीपासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. मिळेल तिथून मी त्याच्याबद्दल वाचत गेलो आणि लक्षात आलं की या गाण्याबद्दल, एकूणच मैदानावरच्या आयरिश गाण्यांबद्दल, ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी खऱ्या नाहीत. खरी हकीकत जास्त मोलाची आहे, म्हणून ती नीट सांगायला हवी.

गैरसमज : हे दीडशे वर्षांपूर्वीचं लोकगीत आहे

गाणं आहे 1840 च्या दशकातल्या आयरिश दुष्काळाबद्दल. पण ते लिहिलं गेलं 1970 च्या दशकाच्या अखेरीस. लिहिणारे पीट सेंट जॉन, डब्लिनच्या इंचिकोर भागातले. 1979 मध्ये डॅनी डॉयल यांनी ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅडी रायली यांच्या आवाजातली रेकॉर्ड आली आणि ती आयर्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तब्बल 72 आठवडे टिकली. जुन्या काळच्या एका छापील पत्रकात असंच गाणं होतं, असा दावा मध्यंतरी झाला होता. सेंट जॉन यांनी तो साफ नाकारला. मार्च 2022 मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते गेले.

लोकगीत म्हटलं की आपल्या कानात जात्यावरची ओवी वाजते. ती कुणी रचली हे विचारायचं नसतं, कारण तिला नावच नसतं. इथे मात्र रचणारा माणूस हयात होता, डब्लिनमध्ये राहत होता, आणि त्याच्या गाण्याला लोक 'पारंपरिक' म्हणत होते. लोकांनी गाणं इतकं आपलं करावं हा कवीचा मोठाच मान आहे, हे खरं. तरीही ज्याचं श्रेय त्याला मिळालं पाहिजे. चार दशकं लाखो लोकांनी गायलेल्या गाण्याला लोकगीत म्हणायला माझी काही हरकत नाही, फक्त पीट सेंट जॉन हे नाव सोबत घ्यावं.

मैदानावरची आणखीही काही गाणी अशीच तरुण आहेत. ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबचे चाहते जिवापाड गातात ते 'ग्रेस' 1985 चं. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या आयरिश उठावातले जोसेफ प्लंकेट यांनी गोळ्या घातल्या जाण्याआधी काही तास, किल्मेनहॅमच्या तुरुंगातल्या चॅपलमध्ये ग्रेस गिफर्डशी लग्न केलं, त्याची ती गोष्ट. लग्न खरं, मृत्युदंड खरा, गाणं मात्र जवळजवळ 70 वर्षांनंतरचं.

गैरसमज : ट्रेव्हेल्यन हा गावचा जमीनदार होता

गाण्यातला मायकल उपाशी पोरांसाठी 'ट्रेव्हेल्यनचं धान्य' चोरतो आणि त्याला समुद्रापार धाडलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, ट्रेव्हेल्यन नावाचा कुणी सावकार किंवा जमीनदार असेल आणि त्याच्या शेतातली कणसं गेली असतील. मायकल काल्पनिक आहे, पण चार्ल्स ट्रेव्हेल्यन खराच होता. लंडनमध्ये ब्रिटिश खजिन्याचा तो वरिष्ठ अधिकारी. दुष्काळी मदतीच्या सगळ्या नाड्या त्याच्या हातात होत्या.

बटाट्यावर करपा पडून पीक गेलं ते 1845 मध्ये. गरीब आयरिश शेतकऱ्याचं पोट बटाट्यावरच होतं. पंतप्रधान पील यांच्या सरकारनं अमेरिकेतून मका मागवला. त्याला तिकडे 'इंडियन कॉर्न' म्हणत, पण त्यातल्या 'इंडियन'चा भारताशी संबंध नाही, तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा मका. तो सरकारी कोठारांत साठवला गेला, तो कसा नि किती वाटायचा हे ट्रेव्हेल्यनच्या खात्यानं ठरवलं. हेच ट्रेव्हेल्यनचं धान्य. तो मका इतका टणक की साध्या जात्यावर दळला जाईना आणि कच्चा शिजवून खाल्ला की पोटं बिघडत. बाजारात सरकारनं ढवळाढवळ करू नये, मदत फुकट वाटली की लोक आळशी होतात, या मताला ट्रेव्हेल्यन घट्ट धरून होता. सगळा दोष त्या एका माणसावर टाकता येणार नाही, धोरण अख्ख्या सरकारचं होतं. पण गाण्यानं त्याचं नाव कायमचं कोरून ठेवलं.

याच ट्रेव्हेल्यनची नोकरी सुरू झाली होती हिंदुस्थानात, ईस्ट इंडिया कंपनीत, 1826 मध्ये. 1834 मध्ये कलकत्त्यात त्याचं लग्न झालं ते हॅना मेकॉलेशी. म्हणजे इंग्रजी शिक्षणाच्या वादात ज्याचं नाव आपण शाळेपासून ऐकत आलो, त्या मेकॉलेचा हा मेहुणा. दुष्काळानंतर तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि पुढे कलकत्त्याला सरकारचा वित्त सदस्य. आयरिश माणूस मैदानावर ज्या नावाचा हिशेब मांडतो ते नाव आपल्याही इतिहासाच्या पुस्तकात आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा ते गाणं मला एकदम जवळचं वाटलं.

आयर्लंडची लोकसंख्या 1841 च्या जनगणनेत सुमारे 82 लाख होती, ती 1851 मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. साधारण 10 लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली.

गैरसमज : मायकलची बोट बॉटनी बेला गेली असती

गाण्यात तसं आहे खरं. पण बॉटनी बे ज्या भागात येतो त्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं दुष्काळाच्या आधीच, 1840 मध्ये थांबवलं गेलं होतं. दुष्काळात भाकरीसाठी चोरी करून जे हद्दपार झाले, त्यांतले बरेचसे गेले व्हॅन डायमेन्स लँडला, आजच्या टास्मानियाला. शिवाय 1788 मध्ये कैद्यांच्या जहाजांचा पहिला ताफा बॉटनी बेला पोचला तरी वसाहत तिथे झालीच नाही, ती थोडी उत्तरेला सिडनीच्या खाडीत झाली. आपल्याकडे 'काळं पाणी' म्हटलं की अंदमान, तसं तिकडच्या गाण्यांत हद्दपारी म्हटलं की बॉटनी बे. कवीनं तो शब्द घेतला यात गैर काही नाही.

गैरसमज : हे बंडखोरांचं, धर्मद्वेषाचं गाणं आहे

हा गैरसमज सगळ्यात जास्त बोचणारा, कारण तो ग्लासगोच्या रस्त्यांवर पोसला गेला आहे. सेल्टिक क्लबची स्थापना 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूनं केली. ग्लासगोच्या पूर्व भागात राहणाऱ्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ज्या क्लबचा जन्मच भुकेतून झाला, त्याच्या चाहत्यांनी भुकेचं गाणं उचललं. लिव्हरपूलमध्ये एकट्या 1847 सालात सुमारे तीन लाख आयरिश माणसं उतरली. तिथल्या चाहत्यांनी याच चालीवर आपल्या ॲनफील्ड मैदानाचे शब्द बसवले, त्यामागेही हीच वंशावळ आहे.

गाण्याच्या शब्दांत कुठल्या धर्माबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल एक वाकडं अक्षर नाही. दुष्काळाविरुद्ध आणि राजसत्तेविरुद्ध उभा राहिल्याचं मायकल सांगतो, तेवढंच. पण काही चाहते दोन ओळींच्या मधल्या जागेत राजकीय घोषणा घुसवतात, आणि समोरच्या स्टँडमधल्या माणसाला गाणं आणि घोषणा वेगळ्या ऐकू येत नाहीत. घुसवणाऱ्यांनी गाण्याचं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुरुंगाच्या भिंतीच्या अलीकडे नवरा, पलीकडे बायको, आणि मधे पोरांची काळजी, एवढंच ज्या गाण्यात आहे त्याला आणखी कशाची गरज नाही.

गैरसमज : रग्बी संघ गातो ते आयर्लंडचं राष्ट्रगीत

'आयर्लंड्स कॉल' हे राष्ट्रगीत नाही, लोकगीतही नाही. आयर्लंडच्या रग्बी संघात दक्षिणेचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड, दोन्हीकडचे खेळाडू असतात. प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत सगळ्यांना आपलं वाटत नाही, म्हणून रग्बी मंडळानं फिल कूल्टर यांच्याकडून 1995 मध्ये हे गीत मुद्दाम लिहून घेतलं. डब्लिनमधल्या सामन्यांत राष्ट्रगीतही होतं, परदेशात फक्त हे. क्रिकेट संघही साऱ्या बेटाचा, त्यामुळे तोही याच गीताला उभा राहतो. 2011 च्या विश्वचषकात बंगळुरूला केव्हिन ओब्रायननं 50 चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला हरवलं, तो हाच संघ.

आणि खुद्द राष्ट्रगीत? आज ते आयरिश भाषेत गातात, पण पेडर कर्नी यांनी ते मुळात इंग्रजीत लिहिलं होतं.

गैरसमज : पबमधलं प्रत्येक गाणं आयरिश

'द वाइल्ड रोव्हर' हे सगळ्यात 'आयरिश' समजलं जाणारं गाणं. त्याची पाळंमुळं अभ्यासकांना सतराव्या शतकातल्या एका इंग्लिश छापील गीतात सापडली आहेत. डब्लिनर्स या गटानं ते जगभर नेलं म्हणून ते आयरिश झालं. इंग्लंडमधल्या बर्न्ली क्लबचे चाहते त्याच चालीवर शेजारच्या ब्लॅकबर्नला डिवचतात. 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' तर अमेरिकेतलं, 1945 च्या 'कॅरोसेल' या संगीतिकेतलं.

'झॉम्बी' या गाण्याची गोष्ट उलटी : ते खरंच आयरिश. 2023 च्या रग्बी विश्वचषकात पॅरिसला दक्षिण आफ्रिकेला 13-8 असं हरवल्यावर आयरिश चाहत्यांनी ते स्टेडियम दणाणून सोडलं, आणि त्यावरून वाद झाला. लिमरिकच्या डोलोरेस ओ'रिअर्डन यांनी ते लिहिलं 1993 मध्ये वॉरिंग्टनच्या बॉम्बस्फोटात दोन लहान मुलं गेली म्हणून. आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेच्या त्या बॉम्बविरुद्धचा तो आक्रोश आहे.

गैरसमज : हरलं की गातात, प्यायले की गातात

ग्दान्स्कच्या रात्री आयर्लंडचा माजी कर्णधार रॉय कीन टीव्हीवर चिडला होता. नुसतं गाण्यासाठी इथे यायचं नसतं, असा त्याचा सूर होता, आणि खेळाडू म्हणून त्याचा राग मला समजतो. पण हे गाणं पराभवाला बांधलेलं नाही. मन्स्टरचे रग्बी चाहते लिमरिकच्या थॉमंड पार्कवर ते जिंकतानाही गातात. आणि तेच चाहते पेनल्टी घेणारा खेळाडू चेंडूपुढे उभा राहिला की, तो प्रतिस्पर्धी असला तरी, एकदम चिडीचूप होतात. इतकी शिस्त नशेत येत नाही.

मला वाटतं, हे गाणं मैदानावर टिकण्याचं एक कारण अगदी साधं आहे. मैदानाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. जलद ठेक्याचं गाणं तेवढ्यानं फाटतं. या गाण्याचं ध्रुपद संथ, शब्द थोडे, स्वर लांबवलेले. मागून येणारा आवाज पुढच्या लांबवलेल्या स्वरात मिसळून जातो.

खुद्द ॲथनराय गॉलवे परगण्यात आहे. नावाचा शेवट 'राय' असाच उच्चारायचा, 'री' नव्हे. मूळ आयरिश नावाचा अर्थ राजांचा उतार, नदी पायी ओलांडायची जागा. आणि गाव फुटबॉलचं नव्हे, हर्लिंग या काठी-चेंडूच्या जुन्या आयरिश खेळाचं. तिथल्या क्लबनं 1997, 2000 आणि 2001 मध्ये अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवलं. गॉलवे परगण्यानं 1980 मध्ये, 1923 नंतर पहिल्यांदा, हर्लिंगची अखिल आयर्लंड अंतिम लढत जिंकली, तेव्हा डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानातल्या व्यासपीठावर संघातल्या ज्यो मॅकडोनाह यांनी माइक हातात घेतला. ॲथनरायचं गाणं त्या वेळी नुकतंच कुठे ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी गायलं 'द वेस्ट्स अवेक', पश्चिमेचं जुनं गाणं. त्याचे कवी थॉमस डेव्हिस सप्टेंबर 1845 मध्ये वारले, आयर्लंडच्या बटाट्यावर पहिला करपा दिसला त्याच महिन्यात. ते गाणं मात्र खरोखरच दुष्काळाच्या आधीचं.