युद्धनौकांचे बंदरातील आगमन-निर्गमन आणि टगबोटींचे कार्य

खुल्या समुद्रात युद्धनौका स्वयंपूर्ण असते. बंदरात शिरताना व बंदराबाहेर पडताना मात्र मोठ्या युद्धनौकेस टगबोटींचे साहाय्य घ्यावे लागते. यामागील कारण भौतिक स्वरूपाचे आहे. सुकाणूवर निर्माण होणारे बल पाण्याच्या प्रवाहवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हा वेग निम्मा झाला की बल एक-चतुर्थांश उरते. वाऱ्याचा रेटा मात्र कायम राहतो. भारतीय नौदलात २०१३ साली दाखल झालेली 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका सुमारे २८४ मीटर लांब व ४४,५०० टन विस्थापनाची आहे. अशा नौकेच्या उंच बाजूवर आदळणारा वारा तिला धक्क्याकडे लोटू शकतो. अशा वेळी टगबोटी दोरखंडाने ओढून किंवा बाजूने रेटून आवश्यक ते आडवे बल पुरवितात.

युद्धनौकांच्या बाबतीत दक्षता अधिक लागते. अनेक युद्धनौकांच्या पुढील टोकाखाली सोनारचा नाजूक घुमट असतो, तर विमानवाहू नौकेच्या बाहेर झुकलेल्या डेकखाली टगबोटीची डोलकाठी अडकू शकते. म्हणून टगबोटीने कोठे रेटावे, हे आधीच निश्चित केले जाते.

सर्वाधिक धोका टगबोटीवरील खलाशांनाच असतो. ताणलेला दोरखंड टगबोटीस आडवा खेचू लागला, तर ती काही क्षणांत उलटू शकते. त्यासाठी ताणाखालीही दोर तत्काळ सोडता येईल, असा आकडा बसविलेला असतो. परंतु तो नेमका केव्हा सोडावा, याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. सारांश, बलाढ्य युद्धनौकेचे धक्क्यापर्यंतचे अखेरचे अंतर लहान बोटीतील माणसांच्या कौशल्यावर आणि त्यांनी पत्करलेल्या जोखमीवर अवलंबून असते.