मशीन किती पेलतं?

उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवर चौकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी बराच वेळ बसून होते. काउंटरवर आलेला लॅपटॉप एका तरुण सिव्हिल इंजिनिअरचा, इथल्याच मराठी घरातल्या मुलीचा. 2028 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची, घाटांची कामं निघाली आहेत. तिच्याकडे एका ठेकेदाराची ड्रॉइंग्ज असतात. ऑटोकॅडमध्ये मोठा नकाशा उघडला की सगळं थिजायचं.

"भैया, सोलह जीबी डाल दो," ती म्हणाली.

"पहले रोज का काम खोलके दिखाओ, दीदी."

आधी काम पाहायला मागणारा कारागीर मला मोलाचा वाटतो. तिने नकाशा, ब्राउझर, दोन पीडीएफ उघडल्या. टास्क मॅनेजरमध्ये 8 जीबी जवळजवळ भरलेली, आणि डिस्कचा आलेख वर चढलेला. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर हलवतं, आणि चांगली एसएसडी असली तरी ती रॅमच्या वेगाजवळ फिरकत नाही. म्हणजे दुखणं रॅमचंच होतं. तसं नसतं, तर सोळा जीबीचे पैसे वाया गेले असते.

मग मर्यादेचा प्रश्न. कंपनीच्या माहितीपत्रकात कमाल 12 जीबी लिहिलेलं: 4 मदरबोर्डवर सोल्डर केलेली, एका स्लॉटमध्ये 8. पण प्रोसेसर होता इंटेलचा आय5-8250यू, आणि इंटेल स्वतः त्याला 32 जीबीपर्यंत मान्यता देतं. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो; लॅपटॉपची कंपनी पुष्कळदा तिने विकलेली, तपासलेली जोडणीच तेवढी छापते. याच्या उलटही घडतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांत डीडीआर3 ची 16 जीबीची स्टिक सहसा चालतच नाही, स्लॉटमागे 8 हीच हद्द. म्हणून आकडा माहितीपत्रकात आणि प्रोसेसरच्या नावावर, दोन्हीकडे पाहावा.

मागचे स्क्रू काढून त्याने प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कव्हरच्या कडा सोडवल्या. सगळ्यांत आधी बॅटरीची केबल काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं आणि टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला. अंगातली स्थिर वीज चिपला मारू शकते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढताच जुनी स्टिक तिरकी उचलली गेली. लेबलवर 4 जीबी, पीसी4-2400. डीडीआर4 च्या लॅपटॉप स्टिकला 260 पिना, डीडीआर3 ला 204. खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावायचा नाही.

नवी 16 जीबीची स्टिक 3200 वेगाची होती. ती इथे 2400 वरच धावेल, असं त्याने आधीच सांगितलं. या प्रोसेसरची डीडीआर4 ची मर्यादा तेवढीच. खाच जुळवून, तिरकी धरून, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत सारली. मग खाली दाबली आणि दोन्ही क्लिपा टक्कन लागल्या. घाईत हीच पट्टी अर्धी बाहेर राहते आणि लोक स्टिक खराब म्हणून परत आणतात.

चालू केल्यावर पडदा काळाच. मुलगी घाबरली. तो म्हणाला, "रुको, पहचान रहा है." नवी मेमरी लावल्यावर पहिल्यांदा मशीन तिच्याशी वेळा जुळवून घेतं, त्याला वेळ लागतो. मग आकडा आला: 20 जीबी. त्यातली 4 अधिक 4 मेमरीच्या दोन्ही मार्गांनी (चॅनलांनी) एकत्र धावणार, उरलेली 12 एकाच मार्गाने. जोडी सारखी असती तर सगळीच एकत्र धावली असती, पण ते 4 जीबी बोर्डालाच चिकटलेले. पातळपणासाठी आता कित्येक लॅपटॉपांत सगळीच रॅम सोल्डर करतात, आणि घेणाऱ्याला दुकानात हे कोणी सांगत नाही. मला याचा राग येतो; चार वर्षांनी काम वाढलं, तर चांगलं चालणारं मशीन तिथेच संपतं. नवा घेताना स्लॉट आहे का, हे विचारून घ्यावं.

तोच नकाशा पुन्हा उघडला. वापर 11 जीबीच्या वर गेला, म्हणजे माहितीपत्रकातले 12 काठावरच ठरले असते. तरी त्याने लॅपटॉप तिच्या हाती दिला नाही. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची पूर्ण फेरी लावली आणि संध्याकाळी यायला सांगितलं.