मुंबईचे पहिले दर्शन

विद्यार्थ्यांनो, मॉरिशसहून तुम्ही पहिल्यांदा मुंबईला जाल, तेव्हा विमानातून उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढे करा. आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा तिथे साडेअकरा झालेले असतात.

शहरात शिरताच नजरेत भरते ती गर्दी. आपल्या साऱ्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. एकट्या मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते, म्हणजे जवळजवळ दहापट! यांतील लाखो लोक रोज लोकल गाडीने कामाला जातात. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच शहरातील बोरीबंदरहून ठाण्याला गेली. लोकल स्थानकात फार थोडा वेळ थांबते. म्हणून उतरायचे असेल, तर आधीच दाराजवळ येऊन उभे राहावे.

नवखा माणूस या गोंगाटाने गांगरून जातो. पण जरा कान देऊन ऐका. "पुढील स्टेशन दादर" ही सूचना तुम्हांला सहज समजेल. घरी तुम्ही क्रिओल बोलत असाल, तरी शाळेत शिकलेली मराठी इथे उपयोगी पडते. "काका, दादरला कसे जायचे?" असे विचारा. उत्तर भरभर आले, तर "जरा सावकाश सांगा" असे म्हणायला लाजू नका.

एकोणिसाव्या शतकात आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मुंबईच्याच बंदरात जहाजावर चढले आणि पोर्ट लुईला उतरले. त्यांनी सोबत आणलेली भाषा आपण जपली, म्हणूनच दूर देशातल्या या शहराच्या पाट्या तुम्हांला वाचता येतात.