दहावीनंतर कारखान्याची वाट : कल्याण परिसरातल्या पालकांसाठी

मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकली. तो काळ पाहिलेल्या आईवडिलांना मुलाला कारखान्यात पाठवायचे म्हटले की धडकी भरते, यात नवल नाही. पण कंपनीला टाळे लागले तरी हातातला ट्रेड आपल्यासोबत येतो. ट्रेड म्हणजे आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) शिकवला जाणारा एकेक व्यवसाय. आपला मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल, तर या ट्रेडची ओळख आत्ताच करून द्यावी. दहावीच्या निकालानंतर हाताशी फार थोडे दिवस उरतात.

आधी प्रत्यक्ष दाखवा. डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ, बदलापूर, ठाण्याची वागळे इस्टेट, सगळे लोकलच्या टप्प्यात आहे. मोठ्या कंपनीच्या फाटकातून असेच कोणी आत सोडत नाही. त्यासाठी शाळेचे पत्र लागते. ते जमले नाही तर ओळखीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा तास उभे राहू द्या, असे मालकाला सांगावे. तिथे मुले यंत्राकडेच बघत बसतात. त्यांना माणसांकडे बघायला सांगा : ड्रॉइंग कोण वाचतो, माप कोण घेतो, जॉब (यंत्रावर घडवला जाणारा तुकडा) नापास झाला तर काय करतात.

आता ट्रेड निवडायचा. बहुतेक चुका इथेच होतात, कारण घराजवळची आयटीआय आधी ठरते आणि तिथे जो मिळेल तो ट्रेड घेतला जातो. क्रम उलटा हवा.

फिटर सुटे भाग मापात बसवतो आणि यंत्रांची देखभाल करतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक कारखान्याला तो लागतो. टर्नर लेथवर काम करतो. तिथे जॉब फिरतो आणि हत्यार त्याला कापते. मशिनिस्टच्या मिलिंग यंत्रावर बहुधा हत्यारच फिरते. दोघांनाही पुढे सीएनसी, म्हणजे आज्ञावलीवर चालणारी यंत्रे, शिकावी लागतात. प्लास्टिकची बादली ज्या साच्यात घडते तो साचा टूल अँड डाय मेकर बनवतो. माझ्या मते यांतला सर्वात कमी ओळखला गेलेला आणि सर्वात कसाचा ट्रेड हाच. हे सगळे दोन वर्षांचे, वेल्डर मात्र एका वर्षाचा. लवकर कमाई होईल म्हणून वेल्डर घेणाऱ्याने डोळ्यांची आणि उन्हाळ्यातल्या धगीची तयारी आधी तपासावी.

डोंबिवलीत रसायनांचे कारखाने पुष्कळ, म्हणून रासायनिक प्रकल्प चालवणाऱ्या अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेडही विचारात येतो. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांतले डोंबिवलीचे स्फोट आपण विसरलेलो नाही. भीती वाटत असेल तर ती मुलासमोर बोला. तापमान, दाब, व्हॉल्व्ह यांवर लक्ष ठेवणे हेच या माणसाचे काम असते. धोकादायक उद्योगातल्या शिकाऊ उमेदवाराचे वय कायद्याने किमान १८ हवे, हेही लक्षात असू द्या.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून, दहावीच्या गुणांवर होतो. नुसती नोंदणी करून काम संपत नाही. अर्ज निश्चित करावा लागतो आणि मग पसंतीचे विकल्प भरावे लागतात. नोंदणीची पावती घेऊन निर्धास्त राहिलेल्यांचे नाव यादीत येतच नाही. दुसरी चूक अधिक महागात पडते : पहिला विकल्प सहज म्हणून भरायचा. तोच मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याची वेळ येते. म्हणून पहिल्या ओळीत खरोखर हवा तोच ट्रेड लिहा.

पहिले काही महिने कंटाळवाणे असतात. फिटर ट्रेड घेतलेला मुलगा लोखंडाची पट्टी कानशीने घासत बसतो, तरी ती सपाट होत नाही. “हेच शिकायला आलो का?” म्हणून कित्येक जण दांड्या मारू लागतात. साध्या व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचता येते; तेवढा फरक हाताला कळू लागायला ती घासाघीस लागतेच. शिवाय ८० टक्के हजेरी नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

त्यानंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकणे. ती १९६१ च्या कायद्याखाली चालते आणि केंद्राच्या पोर्टलवर नोंदवावी लागते. मध्य रेल्वेही अशी भरती करते. त्यात कल्याणच्या लोको शेडमधल्या जागा असतात आणि निवड दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते. मुदत संपली की नोकरी पक्की, असा समज मात्र ठेवू नका. तसे बंधन मालकावर नसते. करार नोंदला गेला आहे की नाही हे पहिल्याच महिन्यात विचारा, कारण बिननोंदीच्या मुलाला वर्षभर राबूनही प्रमाणपत्र मिळत नाही.

पुढे शिकायचे असेल तर दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथे अडवते ते गणित. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षापासूनच दहावीच्या पुढचे बीजगणित आणि त्रिकोणमिती थोडी थोडी करत राहिलेले बरे. आधार कार्ड आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, ते मात्र आजच कपाट उघडून बघा. त्यातला एका अक्षराचा फरक पुढे प्रमाणपत्र आणि भरती दोन्हीकडे आडवा येतो.