खुणा ओळखा, हाक मारा!

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून मुंबई-पुण्याची किती तरी कुटुंबे सुट्टीत कोकणची वाट धरतात. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले हरिहरेश्वर हे त्यांचे आवडते ठिकाण. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, असा तिथला परिपाठ. त्यानंतर देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा. कातळातल्या पायऱ्या उतरून माणूस थेट समुद्राच्या अंगणात येतो. पण ही प्रदक्षिणा करायची ती ओहोटीलाच! भरतीच्या वेळी त्याच खडकांवर लाटा आदळतात, आणि बेसावध माणसांना समुद्राने ओढून नेल्याच्या दुर्घटनाही तेथे घडलेल्या आहेत.

किनाऱ्यावरच्या माणसाला मुलाला समुद्रापासून दूर ठेवता येत नाही. समुद्र दारातच असतो. म्हणून भरतीची वेळ कोणती, पाय कुठे घसरतो, एकट्याने कुठे जायचे नाही, हे तो मुलाला शिकवतो. आणि अडचण आली तर मोठ्याने हाक मारायला सांगतो. आपल्या शहरी घरांतही आता असाच एक समुद्र शिरला आहे. त्याचे नाव मोबाईल. 'हात लावू नकोस' एवढ्या एका आज्ञेवर हा समुद्र अडेल, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या घरातला फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो ते एकदा पाहावे!

लहान हात, मोठे व्यवहार

पूर्वी मुलांचा पैशाशी संबंध खाऊच्या नाण्यापुरता असे. २०१६ साली यूपीआय आले आणि वाण्याच्या दुकानापासून रिक्षापर्यंत पैसे फोनवरून जाऊ लागले. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतंत्रपणे चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. त्यात वाईट काही नाही. मुलांना व्यवहार कळलाच पाहिजे. परंतु मुलांच्या हाती व्यवहार आला, की भामट्यांची नजरही मुलांकडे वळणारच.

हे भामटे मुलांकडे मुलांच्याच वेषात येतात. कोणी खेळातली नाणी फुकट देऊ करतो आणि त्यासाठी खात्याचा पासवर्ड मागतो. कोणी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे कळवतो आणि 'नोंदणी शुल्क' म्हणून थोडीशी रक्कम मागतो. परीक्षेच्या दिवसांत 'उद्याचा पेपर आजच मिळेल' असे सांगून पैसे उकळणारेही निघतात. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला तर निराळेच आमिष असते: 'तुझे बँक खाते आम्हाला वापरू दे, दरमहा पैसे घे.' त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस पहिल्यांदा दार ठोठावतात ते त्या मुलाचे!

खोली कोणाची, पैसे कोणाला?

फसवणुकीची रीत मुलांना समजावायची असेल तर सहलीचेच उदाहरण घ्यावे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, सोमनाथचे अतिथिगृह अशा नावांची खोटी संकेतस्थळे आणि जाहिराती तयार करून भामटे आगाऊ पैसे घेतात आणि मग फोन बंद करून बसतात, असा तो इशारा होता. समुद्रकाठच्या खोलीसाठीही हेच जाळे टाकता येते. म्हणून खोली ठरवताना मुलाला शेजारी बसवावे. संकेतस्थळाचा पत्ता त्याला अक्षर न् अक्षर वाचायला लावावा. दिलेला क्रमांक दुसरीकडून पडताळून पाहावा. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर कोणाचे नाव उमटते, ते त्यालाच विचारावे.

आता दुसरी बाजू पाहा. अशा गावांत घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारी कुटुंबे असतात. त्यांना फोन येतो, 'मी सैन्यात अधिकारी आहे, चार खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम आत्ता पाठवतो.' पाठोपाठ एक क्यूआर कोड येतो. 'हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' सैन्याचे नाव ऐकून समोरचा माणूस आदराने वागतो आणि पिन टाकतो. पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात! सैनिकाच्या नावाने चालणारा हा डाव देशभर पुष्कळांवर खेळला गेला आहे.

यात मुलाने एकच गोष्ट मनावर कोरून घ्यावी: पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. 

चार खुणा

भामटे दर वर्षी नवी सोंगे आणतात. ती सगळी पाठ करणे मोठ्यांनाही जमणार नाही. पण सोंग कोणतेही असो, चार खुणा बहुधा सापडतातच. पहिली घाई: 'दहा मिनिटांत कर, नाही तर संधी गेली.' दुसरी हाव: कष्टावाचून मोठे बक्षीस. तिसरी भीती: 'तुझ्यावर तक्रार झाली आहे.' हल्ली 'डिजिटल अटक' नावाचे जे थोतांड निघाले आहे ते या भीतीवरच चालते. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे मुलांना आणि आजोबांनाही ठणकावून सांगितले पाहिजे. चौथी खूण गुपिताची: 'हे घरी कोणाला सांगू नकोस.' माझ्या मते चारांत हीच सर्वांत घातक. घरी सांगितले की भामट्याचा डाव तिथेच संपतो, हे तो पक्का ओळखून असतो.

सांगणाऱ्याला हसू नका

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. दहीहंडीच्या आदल्या दिवशी, १८ तारखेला, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक निर्मनुष्य नौका आढळली. स्थानिक लोकांनी ती पाहिली आणि यंत्रणेला कळवले. आत तीन एके-४७ रायफली निघाल्या. साऱ्या राज्याला धडकी भरली. पुढे उलगडा झाला, की ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. इंजिन बिघडल्यामुळे जूनमध्येच त्यावरील माणसांना दुसऱ्या जहाजाने सोडवले होते आणि रिकामी नौका वाहत वाहत इकडे आली होती. घातपाताचा संबंध आढळला नाही. पण म्हणून कळवणाऱ्यांना कोणी वेड्यात काढले नाही. अनोळखी वस्तू किनाऱ्याला लागली, तर आधी कळवायचे. ती निरुपद्रवी आहे की नाही, ते मागाहून ठरते.

आपल्या घरी मात्र उलटे घडते. मूल चाचरत सांगू लागते, 'आई, एक मेसेज आला होता...' आणि वाक्य पुरे होण्याआधीच 'तरी मी सांगत होते!' असा भडिमार सुरू होतो. पुढच्या वेळी ते मूल गप्प राहते. पैसे गेले तरी गप्प, कोणी धमकावले तरी गप्प. मग हजाराचे नुकसान लाखावर जाते, आणि जिवाला लागलेल्या घोराची तर मोजदादच नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत, राज्य पोलीस मुख्यालयात, सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनाला अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरातली हकिगत सांगितली. त्यांची मुलगी ऑनलाइन खेळत असताना समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून ओळख वाढवली आणि मग अश्लील छायाचित्रे मागितली. मुलीने तत्काळ खेळ बंद केला आणि आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला सायबर विषयाचा एक तास ठेवावा, अशी विनंती त्यांनी तेव्हा मुख्यमंत्र्यांना केली. तास हवाच. पण 'आईला सांगितले' या दोन शब्दांत जे आहे, ते कोणत्याही तासाला शिकवता येणार नाही. ते घरातच रुजवावे लागते.

सुट्टीतला खेळ

मग पालकांनी करावे काय? व्याख्यान देऊ नये, खेळ मांडावा. एका मुलाने भामटा व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक. भामट्याने जमेल तेवढी थाप मारावी आणि गिऱ्हाइकाने घाई, हाव, भीती, गुपित यांपैकी कोणती खूण दिसली ते ओरडून सांगावे. रिझर्व्ह बँकेने काढलेली 'राजू आणि चाळीस चोर' ही पुस्तिका अशा खेळाला फार उपयोगी आहे. फसवणुकीचे चाळीस प्रकार तीत गोष्टींतून सांगितले आहेत. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्रे करू लागली आहेत. तेव्हा घरातल्यांनी मिळून एक परवलीचा शब्द ठरवावा. 'मी अडचणीत आहे, पैसे पाठवा' असा आप्ताच्या आवाजात फोन आला, तर आधी तो शब्द विचारावा.

एवढे करूनही एखादे वेळी फसगत होईलच. त्या क्षणी रागवायचे नाही, १९३० हा क्रमांक फिरवायचा. देशभर चालणारी ही मदतवाहिनी आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम मधल्या खात्यांत अडवली जाण्याची आशा अधिक. पहिला तास रडण्यात आणि मारण्यात गेला, तर पैसा हातोहात पुढे निघून जातो. हा क्रमांक मुलांच्या दप्तरातल्या वहीवर आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

यंदा भाऊबीजेला ओवाळणी ताटात पडण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी ती फोनवरून येईल. भावाला पिन टाकावा लागला, बहिणीला नाही. तिच्या खात्यात पैसे आपोआप आले, हे धाकट्या भावंडांना तेव्हाच दाखवून द्यावे. आणि त्याच वेळी, फराळाच्या ताटासमोर, आईबापांनी एक वचन मुलांना द्यावे: 'काहीही झाले, कितीही पैसे गेले, तरी आधी आम्हाला सांग. आम्ही रागावणार नाही.' वचन दिले की ते पाळावेही लागते. मुलांच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा आपलीच अधिक आहे.