उमेदवाराची पहिली खेप : लेसोथो देशांतील एक धडा

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या बांधावर केव्हां ना केव्हां एखादा नवशिका मनुष्य वही घेऊन उभा राहिला असेल. तो शिकवावयास आलेला असतो. परंतु आधीं शिकावें कोणीं, हें बहुधा ठरलेलें नसतें. या गोष्टीचा विचार करण्यासाठीं आज आम्ही वाचकांस आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील लेसोथो देशांत घेऊन जात आहों.

हा डोंगराळ देश चोहों बाजूंनीं दक्षिण आफ्रिकेनें वेढलेला आहे. १८६८ सालीं तो इंग्रजांच्या संरक्षणाखालीं गेला व १९६६ सालीं स्वतंत्र झाला. अमेरिकेनें १९६१ सालीं स्थापन केलेल्या 'पीस कोअर' या संस्थेचे स्वयंसेवक तेथें १९६७ पासून जाऊं लागले. सेवा दोन वर्षांची. परंतु त्यापूर्वीं उमेदवारास कित्येक आठवडे खेड्यांतील एखाद्या कुटुंबांत राहून भाषा व चालीरीति शिकाव्या लागतात. ही पद्धति आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

खेड्यांत गेल्यावर प्रथम गांवच्या मुख्याची भेट घ्यावयाची. वाटेंत भेटेल त्याला थांबून नमस्कार करावयाचा. वडील पुरुषास 'न्ताते', म्हणजे बाबा, व स्त्रीस 'मे', म्हणजे आई, म्हणावयाचें. घरची मंडळी पाहुण्यास आपल्या भाषेंतील नवें नांव देतात. जेवणांत मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला 'पापा' व पालेभाजी असते. झाडें विरळ असल्यामुळें शेणाचा उपयोग जळणासाठीं होतो, आणि तितकें खत शेतास कमी पडतें. हें उमेदवारास चुलीजवळ बसल्यावांचून कळत नाहीं.

नंतर शेत. तेथील ऋतु आपल्या उलट. मक्याची पेरणी सुमारें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत व कापणी मे-जूनच्या सुमारास. गारा व दंव यांचें भय नेहमींचेंच. एकमेकांच्या शेतांत मिळून काम करण्याची 'लेत्सेमा' ही चाल आपल्या इर्जिकीची सख्खी बहीणच होय. 'माफिसा' म्हणून दुसरी चाल आहे. तींत ज्याच्याजवळ गुरें पुष्कळ तो तीं दुसऱ्यास सांभाळावयास देतो. सांभाळणारा दूध घेतो व त्यांचा नांगराला उपयोग करतो. परंपरेनें जमीन राष्ट्राची, राजा तिचा विश्वस्त, व मुख्यानें ती कुटुंबास कसावयास नेमून द्यावयाची. पीक निघालें कीं शेताचें धसकट सर्व गांवच्या गुरांस मोकळें. आतां एखाद्या उत्साही उमेदवारानें कापणीनंतर त्याच शेतांत रोपें लावण्याचा उपदेश केला, तर तीं कोणाच्या पोटांत जातील हें सांगावयास नको.

ही भीति काल्पनिक नव्हे. १९३० नंतरच्या दशकांत इंग्रज सरकारनें जमिनीची धूप थांबविण्यासाठीं तेथें समपातळी बांध व चर घातले. केट शॉवर्स या विदुषीनें २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, या कामांनीं एकवटलेल्या पाण्यानेंच कित्येक ठिकाणीं मोठ्या घळी पाडल्या. गांवकऱ्यांस हें दिसत होतें. त्यांचें ऐकावयास कोणी बसलें नाहीं.

पुढें १९७५ च्या सुमारास थाबा-त्सेका भागांत जागतिक बँक व कॅनडा यांच्या पैशानें मोठी योजना निघाली. गुरें कमी करून विकावीं व निवडक कुरणांस कुंपण घालावें असा बेत होता. परंतु तेथील पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबून आणलेला पैसा म्हातारपणासाठीं गुरांतच साठवीत. ती त्यांची ठेव होती; अडचणीशिवाय ती कोण मोडील? शेवटीं कुंपणाच्या तारा तुटल्या व फाटकें नाहींशीं झालीं.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आम्हीं स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. महसूल खात्यांत नवे असतांना आम्ही पैसेवारीसाठीं पिकें पाहावयास गेलों होतों. रस्त्यावरूनच हिरवीं ताटें पाहून आम्हीं आकडा मांडला. तेव्हां एका वृद्ध शेतकऱ्यानें जोंधळ्याचें एक कणीस आणून, कांहीं न बोलतां, आमच्या तळहातावर चोळलें. फोलच उरलें, दाणा भरलाच नव्हता. आम्हीं तो आकडा खोडला. परंतु आदल्या दिवशीं पाहिलेल्या गांवाचा कागद वर गेला होता. तो परत आला नाहीं.

लेसोथोमध्येंच याहून चांगलें उदाहरणही आहे. जेम्स माचोबाने या तेथीलच गृहस्थांनीं मिश्र पिकें, बटाटा, राख व शेणखत यांवर आधारलेली शेतीची पद्धति बसविली. आधीं त्यांनीं स्वतःच्या शेतांत कित्येक वर्षें प्रयोग केले, आणि मग १९५० नंतरच्या दशकांत इतरांस शिकविण्यास आरंभ केला. शिकविणाऱ्यानें शेतकऱ्याबरोबर मातींत हात घातलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे.

तेव्हां वाचकहो, वही घेऊन आलेला मनुष्य आपल्या बांधावर उभा राहिला, तर त्यास कंटाळून वाटेस लावूं नका. त्यास घोंगडीवर बसवा, भाकरी द्या, आणि त्याचा आकडा कागदावर उतरण्यापूर्वीं त्याच्या तळहातावर कणीस चोळा.