शिवणयंत्राच्या मोटरीतला ‘कार्बन’

विजेवर चालणारे जुने शिवणयंत्र तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. ‘सिंगर २२१’ हे छोटे काळे यंत्र १९३३ साली अमेरिकेत बाजारात आले. त्यांतली पुष्कळ यंत्रे आजही शिवतात. आपल्याकडे पायमशीनला मागाहून जोडतात ती मोटरही बहुधा त्याच जातीची असते. अशी मोटर एके दिवशी अडखळू लागते, जळकट वास येतो, आत ठिणग्या दिसतात. ‘मोटर जळाली’ म्हणून ती भंगारात जाते. पण पुष्कळदा संपलेला असतो तो बोटाच्या पेराहून लहान असा एक काळा तुकडा. दुकानात त्याला ‘कार्बन’ म्हणतात, पुस्तकात ‘ब्रश’.

ब्रश? त्याला केस तर कुठेच नाहीत! सुरुवातीच्या यंत्रांत तांब्याच्या तारांची जुडी फिरत्या भागावर टेकवून ठेवीत. ती खरोखरच कुंचल्यासारखी दिसे. जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८५ साली तारांऐवजी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले. कुंचला गेला, नाव राहिले.

पण तांबे कार्बनपेक्षा कितीतरी चांगले वाहक. मग चांगले काढून वाईट का घातले? मोटरीच्या फिरत्या भागावर अनेक कुंडले असतात. त्यांची टोके दिक्परिवर्तकाच्या, म्हणजे कॉम्युटेटरच्या, तांब्याच्या पट्ट्यांना जोडलेली असतात. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर जाताना क्षणभर दोन्हींना टेकतो. त्यामुळे मधल्या कुंडलाची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात. ब्रश तांब्याचा असेल, तर त्या कुंडलात मोठी धारा फिरते आणि पट्टी सुटताच मोठी ठिणगी उडते. कार्बनचा रोध जास्त, म्हणून ती धारा आवरली जाते. शिवाय झिजायचा तो स्वस्त कार्बन झिजतो, तांबे वाचते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ब्रश म्हणजे नुसता काळा चौकोन. त्याच्यापाशी कोणी थांबत नाही, याचे मला वाईट वाटते.

कार्बन फार आखूड झाला की मागची स्प्रिंग त्याला नीट दाबू शकत नाही. स्पर्श तुटक होतो, ठिणग्या वाढतात आणि तांब्याला खड्डे पडतात. मग मात्र मोटर खरोखरच जाते. म्हणून तो वेळीच पाहावा.

हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून काढा. मोटरीच्या दोन बाजूंच्या टोप्या उघडल्या की स्प्रिंगसह कार्बन बाहेर येतात. जुनेच परत घालायचे असतील तर ते त्याच बाजूला, त्याच दिशेने घाला. त्यांची टोके दिक्परिवर्तकाच्या गोलाईप्रमाणे घासलेली असतात. नवे घ्यायचे तर त्याच मापाची जोडी घ्या. पट्ट्यांमधल्या खाचांत साचलेली काळी भुकटी वीज वाहते. ती लाकडी काडीने काढा. एमरी पेपर नको, त्याचे कठीण कण खाचांत अडकतात.

आता कापड न घालता यंत्र थोडा वेळ हळू चालवा. नव्या कार्बनचे टोक गोलाईत बसेपर्यंत बारीक ठिणग्या दिसतील, मग कमी होतील. पण दिक्परिवर्तकाभोवती ठिणग्यांचे कडेच दिसू लागले, तर लगेच थांबा. बहुधा आतले कुंडल तुटले आहे, आणि ते काम रिवाइंडिंगवाल्याचे.